तीनशे शब्दांचा पश्चात्ताप

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते जागीच गेले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला आणि अटी घातल्या : रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायचा, पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम करायचं, समुपदेशन घ्यायचं. निबंधाची अट ऐकून देशभर संताप उसळला. बहुतेकांचा राग शब्दसंख्येवर होता. दोन जीव आणि तीनशे शब्द! पण तीन हजार शब्द लिहायला सांगितले असते तर ती अट शहाणपणाची ठरली असती का?

त्या अटीत चुकलं ते वेगळंच. पहिली गोष्ट, हा जामिनाचा टप्पा होता. गुन्हा कोणाचा हे ठरलेलं नसताना त्याबद्दल चिंतन करायला सांगणं हे कायद्याच्या दृष्टीनेच उलटं. बाल न्याय कायद्याचं कलम १२ जामिनाचं आहे; समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांकडून दंड हे सगळं कलम १८ मध्ये येतं, आणि तेही चौकशीत दोष सिद्ध झाल्यानंतर. दुसरी गोष्ट, अटींच्या यादीत मेलेल्या दोघांच्या घरच्यांचा उल्लेख नव्हता. आणि तिसरी सर्वांत बोचणारी : निबंधावर वाद चालू असतानाच मुलाच्या रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप पुढे आला आणि त्यात डॉक्टरांसह अनेकांना अटक झाली. ते आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवेल. पण चूक झाल्यावर माणूस पुरावा जागच्या जागी राहू देतो की हलवतो, ही पश्चात्तापाची पहिली आणि बाहेरून तपासता येणारी परीक्षा आहे. निबंधात ती घेताच येत नाही.

आमचं म्हणणं एवढंच आहे, की न्यायालय, तुरुंग, सरकार, चौकशी समिती, कोणत्याही सार्वजनिक संस्थेने गुन्हेगाराच्या मनात पश्चात्ताप आहे का हे शोधण्याच्या फंदात पडू नये. त्याने खरं किती सांगितलं, घेतलेलं किती परत केलं आणि काय करणं थांबवलं, एवढंच मोजावं. आतली टोचणी हा साहित्याचा प्रांत आहे, कारण लेखकाला पात्राच्या मनात शिरता येतं. न्यायाधीशाला ती सोय नाही. घोळ होतो तो कादंबरी वाचताना लागलेली सवय आपण कोर्टात घेऊन जातो म्हणून.

गंमत अशी की थोर लेखकांनी याच घोळाबद्दल आधीच बजावून ठेवलं आहे. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकात भावाचा खून करून गादीवर बसलेला क्लॉडियस गुडघे टेकून प्रार्थनेला बसतो. मागून मेलेल्या राजाचा मुलगा हॅम्लेट तलवार उपसून येतो, त्याला गुडघ्यांवर पाहतो आणि ठरवतो की हा पश्चात्ताप करतोय, आता मारला तर स्वर्गात जाईल. तलवार म्यान होते. प्रेक्षकाला मात्र क्लॉडियसच्या मनात काय चाललंय ते ऐकू आलेलं असतं. त्याची अडचण साधी आहे : ज्यासाठी खून केला तो मुकुट, ती राणी, ती सत्ता सगळं अजून हातात आहे, आणि ते सोडायची तयारी नाही, मग क्षमा मागायची कोणत्या तोंडाने? तो उठतो तेव्हा स्वतःच कबूल करतो की शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. हॅम्लेटने देहबोलीवरून निकाल दिला आणि तो साफ चुकला.

दोस्तोयेव्हस्कीने १८६६ च्या 'क्राइम अँड पनिशमेंट'मध्ये याहून कडू गोष्ट केली आहे. सहा भाग वाचून बाजूला ठेवणाऱ्यांना वाटतं की खून करणारा रास्कोलनिकोव्ह कबुली देतो म्हणजे त्याला पश्चात्ताप होतो. उपसंहार वाचला की चित्र पालटतं. खटल्यात त्याला विचारलं जातं की कबुली का दिलीस. तो सांगतो, मनापासून पश्चात्ताप झाला म्हणून. न्यायालय सौम्य होतं, आठ वर्षांची सक्तमजुरी देतं. त्या सौम्यपणाला बाकीचीही कारणं होती. चोरलेला ऐवज त्याने दगडाखाली पुरून ठेवला होता, त्यात किती पैसे आहेत तेही मोजलं नव्हतं. आणि मग सायबेरियात लेखक आपल्याला सांगतो की त्याला गुन्ह्याचा पश्चात्ताप झालेलाच नाही. आपण कबुली देऊन बसलो, ही एवढीच चूक त्याला दिसते. मन पालटतं ते फार पुढे, कोर्टाच्या कागदपत्रांपासून हजारो मैल लांब, आणि तेही शेवटच्या काही पानांत. म्हणजे पश्चात्ताप पाहून शिक्षा कमी केली तेव्हा तो नव्हता, आणि आला तेव्हा नोंद घ्यायला कोणी नव्हतं. ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षं काढलेल्या लेखकाने हे लिहिलं आहे, ते ऐकीव नाही.

आपल्या सत्र न्यायालयांत दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेच्या मुद्द्यावर वेगळी सुनावणी घ्यावी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम २३५(२) होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत २५८(२) आहे. प्रत्यक्षात ती बरेचदा त्याच दिवशी, काही मिनिटांत उरकते. आरोपीचा वकील सांगतो : वय कमी आहे, पहिलाच गुन्हा आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया दाखवावी. सरकारी वकील सांगतात : गुन्हा निर्घृण आहे, चेहऱ्यावर खेदाचा लवलेश नाही. हा लवलेश कोणी पाहिला? पिंजऱ्यात उभा असलेला माणूस अर्धंमुर्धं कळणाऱ्या भाषेत आपल्याबद्दल काय चाललंय ते ऐकत असतो. तो घाबरून गोठलेला असेल, औषधांच्या अमलाखाली असेल, किंवा गावाकडे लहानपणापासून मोठ्यांपुढे मान खाली घालून गप्प राहायला शिकलेला असेल. दुसरीकडे, ज्याला चांगला वकील आहे त्याला नेमकं कुठे थांबायचं, कुठे डोळे पुसायचे हे शिकवलेलं असतं. चेहरा पाहून पश्चात्ताप ओळखता येतो याला शास्त्रीय आधार नाही. आधार आहे तो सिनेमांचा.

यात सर्वांत भरडला जातो तो निर्दोष माणूस. २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात झालेल्या बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात भटक्या समाजातल्या सहा मजुरांना फाशी झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कमी केली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा चढवली, आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. न केलेल्या गुन्ह्याबद्दल या माणसांनी खेद कसा दाखवायचा होता? 'आम्ही केलं नाही' हे त्यांचं खरं बोलणं निगरगट्टपणा म्हणून वाचलं जाण्याचा धोका प्रत्येक टप्प्यावर होता. संविधानाचं कलम २०(३) माणसाला स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क देतं. तो वापरल्याबद्दल शिक्षेच्या वेळी पश्चात्ताप नाही म्हणून दंड करणं म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं. मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका फाशीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचं मानसिक मूल्यमापन, तुरुंगातली वागणूक, तिथे केलेलं काम आणि शिक्षण यांचे अहवाल मागवण्याचा दंडक घातला. चेहऱ्यावरून वागण्याकडे जाणारं हे पाऊल आहे, म्हणून ते योग्य दिशेचं आहे.

प्रायश्चित्त हा विषय आपल्याकडे जितका तपशिलात लिहिला गेला तितका क्वचितच कुठे लिहिला गेला असेल. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय त्याचाच. प्राजापत्य कृच्छ्र हे व्रत बारा दिवसांचं : तीन दिवस फक्त सकाळी जेवायचं, तीन दिवस फक्त संध्याकाळी, तीन दिवस न मागता मिळेल तेवढंच, शेवटचे तीन दिवस उपवास. चांद्रायणात कृष्णपक्षात पंधरा घासांपासून रोज एक घास कमी करायचा, शुक्लपक्षात रोज एक वाढवायचा. सांतपनात एक दिवस पंचगव्य आणि दर्भाचं पाणी, दुसऱ्या दिवशी उपवास. या सगळ्या हिशेबात किरकोळ चोरीबद्दलचा एक श्लोक आहे आणि तो फार नेमका आहे : दुसऱ्याच्या घरातून चोरलेली वस्तू आधी परत करायची, मग शुद्धीसाठी सांतपन. क्रम उलटा चालत नाही. त्याच अध्यायात पुढे म्हटलं आहे की पाप जाहीर सांगितलं आणि त्याचा ताप मनाला लागला तर माणूस त्यातून सुटतो, पण पवित्र होतो तो 'पुन्हा असं करणार नाही' म्हणून थांबल्यावर. जाहीर सांगणं, परत करणं, थांबणं. आम्ही वर जे तीन निकष मांडले ते असे जुनेच आहेत.

पण हाच अध्याय कौतुकाने वाचून थांबणाऱ्याने त्याचे आकडेही वाचावेत. ब्राह्मणहत्येच्या प्रायश्चित्ताचा चौथा हिस्सा क्षत्रियाच्या हत्येला, आठवा वैश्याच्या, सोळावा शूद्राच्या. मेलेल्या माणसाची किंमत जातीवर ठरली की पश्चात्तापाचं मापही जातीवर ठरतं. शिवाय पुढे व्रताच्या बदली गोदान, गाईच्या बदली तिची किंमत असे पर्याय रूढ झाले आणि ज्याच्याकडे पैसा त्याला बारा दिवस उपाशी राहायचं कारण उरलं नाही. विधी राहिला, वेदना गेली. त्याचं पुण्यातलं टोकाचं उदाहरण म्हणजे १८९० चं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण. मिशनऱ्यांकडे चहा-बिस्किटं घेतलेल्यांची नावं गोपाळराव जोश्यांनी वर्तमानपत्रात छापून आणली. त्यात न्यायमूर्ती रानडे आणि टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं. चहा पिऊन या दोघांच्या मनाला काही टोचत होतं असं कोणी म्हणणार नाही. ज्यात कोणाचं काही गेलं नाही, ज्यात काही परत करायचं नाही, अशा गोष्टीसाठी प्रायश्चित्त मागितलं की ते शरणागतीचं नाटक होतं. आजही एखाद्या लेखकाला किंवा विनोदवीराला हात जोडून माफीची चित्रफीत काढायला लावली जाते, तेव्हा मागणाऱ्यांना त्याचा पश्चात्ताप नको असतो, त्याची वाकलेली मान हवी असते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही नवी शिक्षा आली. कलम ३०३(२) च्या परंतुकात म्हटलं आहे की चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल, आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी. आधी परत, मग सेवा. कोणाला काय वाटतं याचा एक शब्दही त्यात नाही, आणि म्हणूनच तरतूद चांगली आहे. व्यवहारातल्या अडचणी मात्र उघड दिसतात. जप्त मुद्देमाल पोलिसांनीच फिर्यादीला परत केला तर ते आरोपीने परत करणं धरायचं का? वापरलेल्या मोबाइलची किंमत बिलावरून लावायची की आजच्या बाजारभावाने? आरोपी रोजंदारीवर असेल तर हप्ते द्यायचे का? सेवा किती तासांची, कुठे आणि हजेरी कोण घेणार? हे ज्या त्या न्यायालयावर सोडलं तर एका तालुक्यात बाग झाडून सुटका आणि शेजारच्या तालुक्यात तुरुंग असं होईल.

भरपाईची साधनं जुन्या कायद्यातही होती. १९५८ च्या प्रोबेशन कायद्याचं कलम ५ चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडताना पीडिताला भरपाई द्यायला लावू शकतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७ बद्दल २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणं न्यायालयांवर बंधनकारक आहे आणि दिली किंवा नाकारली तरी कारणं लिहावीत. सांगावं लागलं, म्हणजे होत नव्हतं.

पश्चात्ताप न मागताही मोठं काम होऊ शकतं याचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. वर्णभेदी राजवटीतल्या गुन्ह्यांसाठी १९९५ च्या कायद्याने सत्य आणि समेट आयोग बसला. माफीसाठी ७,११२ अर्ज आले, ८४९ जणांना माफी मिळाली. कायद्यात खेद व्यक्त करण्याची अट मुद्दामच नव्हती. कृत्य राजकीय हेतूने केलेलं असावं आणि ते पूर्ण, काहीही न लपवता सांगावं, एवढंच. कोणाला कुठे पुरलं, आदेश कोणी दिला, हे मेलेल्यांच्या आयांना हवं होतं; मारेकऱ्याचे अश्रू नव्हेत. तिथे बिनसलं ते दुसऱ्या बाजूला. माफी मिळाली की लगेच लागू व्हायची, नुकसानभरपाई मात्र सरकारच्या मर्जीवर. आयोगाने सहा वर्षं वार्षिक रक्कम सुचवली होती. २००३ मध्ये सरकारने पीडितांना प्रत्येकी एकरकमी तीस हजार रँड देऊन विषय संपवला. खरं सांगणाऱ्याला हक्क मिळाला, ज्याचं गेलं त्याला खैरात मिळाली. सत्य आणि परतफेड एकाच कागदावर बांधली नाही की असं होतं.

राष्ट्रांच्या पश्चात्तापातही आपण चित्रालाच भुलतो. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट ७ डिसेंबर १९७० ला वॉर्सातल्या ज्यूंच्या उठावाच्या स्मारकापुढे गुडघ्यांवर बसले, तो फोटो सगळ्यांना आठवतो. त्याआधी अठरा वर्षं, १९५२ च्या लक्झेंबर्ग करारात पश्चिम जर्मनीने इस्रायलला तीन अब्ज मार्क द्यायचं कबूल केलं होतं, हे फारसं कोणाला आठवत नाही. ते पैसे आधी गेले होते म्हणून ते गुडघे खोटे वाटले नाहीत. जालियनवाला बागेबद्दल ब्रिटिश पंतप्रधानांनी २०१३ मध्ये लाज व्यक्त केली, २०१९ मध्ये खेद. सरकारची माफी आजही नाही, मग परतफेडीचं नाव कशाला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे : परतफेडीवर भर दिला की श्रीमंत सुटतील. मोटार मोठी तसा धनादेश मोठा. म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. परतफेड शिक्षेऐवजी नाही, शिक्षेबरोबर. आणि तिचं माप रकमेने नाही, देणाऱ्याच्या ऐपतीच्या वाट्याने घ्यावं. महिना बारा हजार कमावणाऱ्याने दरमहा दिलेले दीड हजार हे कोट्यधीशाच्या दहा लाखांपेक्षा जड आहेत. शिवाय एक चलन असं आहे की ते पैसेवाल्यालाही महाग पडतं, ते म्हणजे खरं सांगणं. न्याय संहितेचं कलम १०६(२) अपघात करून पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं, म्हणजे थांबून कळवण्याला किंमत देतं. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांचा संप झाला आणि ते कलम बाजूला ठेवलं गेलं. रस्त्यावर जमाव मारून टाकेल ही चालकांची भीती खोटी नव्हती. पण त्यावर उपाय जवळच्या ठाण्यात जाऊन किंवा फोनवर कळवायची सोय स्पष्ट लिहिण्याचा होता, कलमच गोठवण्याचा नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. परत करता येत नाही ते कसं परत करायचं? खून, बलात्कार? इथे टॉल्स्टॉयची १८९९ ची 'रिझरेक्शन' कादंबरी आठवते. ज्यूरीत बसलेला नेख्ल्यूदोव्ह आरोपीच्या जागी त्या मुलीला पाहतो जिला त्याने तरुणपणी नासवून सोडून दिलं होतं. तो तिच्यासाठी धडपडतो, लग्न करायला तयार होतो. कात्यूशा त्याच्या तोंडावर म्हणते की या जन्मात माझा उपभोग घेतलास, आता माझ्याच आधाराने परलोक साधायचाय. पश्चात्ताप करणाराही समोरच्याला वापरू शकतो, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितलं असेल. शेवटी ती त्याला नाकारते आणि दुसऱ्याबरोबर जाते. त्याने तिच्यासाठी केलेले अर्ज, वकील, खेटे, हे खरं काम होतं. लग्नाचा प्रस्ताव त्याच्या स्वतःच्या समाधानासाठी होता. जे भरून येत नाही तिथे अपराध्याने करायचं ते एवढंच : सगळं खरं सांगणं, पीडित मागेल तेवढं अंतर राखणं, आणि क्षमेची वाट न पाहता देणं देत राहणं.

२००२ च्या गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्कार आणि खुनांच्या बिल्किस बानो खटल्यात ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरात सरकारने अकरा जणांची शिक्षा माफ केली तेव्हा या तिन्हींपैकी एकही तपासलं गेलं नाही. सुटका करताना बिल्किस बानोंना कोणी विचारलं नव्हतं. न्यायालयाने ठोठावलेला दंडही आरोपींनी भरलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयात माफीलाच आव्हान दिलेलं असताना काही जण तो भरायला मुंबईच्या विशेष न्यायालयात गेले. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने माफी रद्द केली, कारण तो निर्णय घेण्याचा अधिकार गुजरातचा नव्हे तर महाराष्ट्राचा होता.

मुदतीआधी सुटकेसाठी सरकारं आजही २००० सालच्या लक्ष्मण नस्कर निकालातल्या पाच प्रश्नांवर विसंबतात : गुन्ह्याचा समाजावर परिणाम झाला का, तो पुन्हा होण्याचा संभव किती, कैद्याची गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे का, त्याला आत ठेवून काही साधतंय का, आणि त्याच्या कुटुंबाची आर्थिक-सामाजिक स्थिती काय. पाचही प्रश्न कैद्याभोवती फिरतात. त्यांत आणखी तीन घालावेत : दंड आणि भरपाई पूर्ण भरली का, आणि ऐपत नसेल तर तुरुंगातल्या मजुरीतून किती दिली, ज्याने गुन्हा कबूल केला आहे त्याने साथीदारांबद्दल आणि पुराव्याबद्दल काय सांगितलं, आणि पीडिताला किंवा त्याच्या वारसांना लेखी कळवून किती दिवसांची मुदत दिली. जो कैदी आपण निर्दोष असल्याचंच सांगत आहे त्याच्यापुढचा दुसरा प्रश्न कोरा सोडावा, त्याचे गुण कापू नयेत. चौथा रकाना 'पश्चात्ताप दिसतो का' असा कुठल्याही फॉर्मवर असेल, तर तो खोडून टाकावा.